लाल रेषेचे डोळ्याचे थेंब: मामंजी, सासूबाई आणि माझा मुलगा, तिघांच्या डोळ्यांत एकाच जातीचं औषध गेलंय का?

येळ्ळूरची सून | १० मार्च, रात्री

नमस्कार. सगळं नीट सांगते, मग विचारते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझे मामंजी ६८ वर्षांचे. २० फेब्रुवारीला बेळगावात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. पट्टी काढल्यावर अंगणातून राजहंसगडाची तटबंदी दिसायला लागली म्हणून त्यांचे डोळे भरून आले. घरी सोडताना दोन बाटल्या दिल्या, त्यातली एक दुधासारखी पांढरी, हलवून घालायची. सोबत एक कागद, त्यावर कुठल्या आठवड्यात किती वेळा ते लिहिलेलं. कागद कन्नडमध्ये आहे. मामंजी मराठी शाळेत शिकलेले, मी चंदगडकडची, आम्हाला दोघांनाही तो वाचता येत नाही. माझा मुलगा पाचवीत आहे, त्याला शाळेत कन्नड विषय आहे. तोच रोज आजोबांना वाचून दाखवतो.

आता मामंजी म्हणतात, डोळा स्वच्छ झालाय, लाली नाही, पाणी नाही, मग थेंब कशाला? दोन दिवस त्यांनी घातलेच नाहीत, मला आज कळलं.

त्यात दुसरी गोष्ट. आमच्याकडे भातानंतर मसूर असते, आता तिची मळणी चालू आहे. तो बारीक भुसा डोळ्यांत गेला आणि सासूबाईंचे डोळे खाजायला लागले. त्यांनी कुणाला न विचारता मामंजींचीच पांढरी बाटली उचलली आणि चार दिवस दोन्ही डोळ्यांत घातली. "दोन थेंबांत गार पडलं बघ," म्हणतात. आणि खरंच थांबलंय.

तिसरी गोष्ट माझ्या मुलाची, आणि मला झोप लागत नाहीय ती त्यामुळे. तीन वर्षं झाली, फेब्रुवारी संपत आला की त्याचे डोळे खाजतात ते पावसाळा लागेपर्यंत. उजेड सोसत नाही, सकाळी तारेसारखी चिकट चिपाडं निघतात. पहिल्या वर्षी डॉक्टरांनी एक थेंब लिहून दिला होता. पुढच्या वर्षापासून आम्ही रिकामी बाटली दुकानात दाखवून तीच आणत गेलो. आणली की दोन दिवसांत आराम, थांबवली की आठवड्यात पुन्हा सुरू. मागच्या वर्षी हिशोब केला तर चार महिन्यांत सहा बाटल्या झाल्या असतील. या वर्षी तीन दिवसांपूर्वी परत सुरू केली.

काल आजोबांची बाटली हातात घेऊन तो बारीक अक्षरं वाचत बसला होता. मला म्हणाला, "आई, आजोबांच्या बाटलीवर प्रेडनिसोलोन लिहिलंय आणि माझ्या बाटलीवर डेक्सामिथासोन. दोन्हीच्या शेवटी सारखंच वाजतंय. एकच औषध आहे का गं?" दोन्हींवर लाल रेष आहे. मी मोबाइलवर शोधलं तर दोन्ही स्टेरॉइड निघाली. पुढे वाचलं की ही जास्त दिवस घातली तर डोळ्याचा दाब वाढून मागची शीर खराब होते, म्हणजे काचबिंदू होऊ शकतो. हातपाय गार पडले. माझ्या वडिलांना काचबिंदू आहे, ते रोज रात्री थेंब घालतात, त्यामुळे तो शब्द मला माहीत आहे.

मामंजींचे थेंब चालू ठेवायचे की नाही? सासूबाईंना काही होईल का? आणि मुलाचं काय करू?

---

वडगावचा मागवाला | ११ मार्च, पहाटे

ताई, तुमचं लिहिलेलं वाचलो आणि परत झोपलोच नाही. मुलाला उद्यावर टाकू नका, आजच न्या.

आमचं वडगावात घरातच माग आहे. दोन पॉवरलूम, खाली माग, वर आम्ही. सुताचा कोंडा दिवसभर उडतो. माझं पोरगं सहा वर्षांचं होतं तवापासून डोळे चोळायचं. "पप्पा, डोळे खाजूलालेत" हे मी किती वेळा ऐकलो त्याचा हिशोब नाही. कोंड्यानं होत असेल म्हणून आम्ही धरून चाललो. दुकानातून थेंब आणलो, घातलो, पोर खेळायला गेलं. आम्हाला वाटायचं औषध लागू पडलंय. खाज गेली म्हणजे रोग गेला, आणखी काय बघायचं? असं दोन वर्षं चाललं. मध्ये कुठल्याही डॉक्टरला दाखवलो नाही.

पोरगं चौथीत असताना दाराच्या चौकटीला खांदा मारून घ्यायला लागलं. जिन्यावर धडपडायचं. क्रिकेट खेळताना बाजूनं आलेला चेंडू त्याला दिसायचा नाही, समोरचा दिसायचा. मी त्याला ओरडलो की हो, लक्ष कुठं असतंय म्हणून. एकदा हातही उगारलो. ते आजही मला खातंय.

शाळेत डोळे तपासायला आले होते, त्यांनी मोठ्या दवाखान्यात जा म्हणून चिठ्ठी दिली. तिथं डोळ्याचा दाब मोजले. उजव्यात ३८, डाव्यात ३४. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुठलं औषध घालता? बायको पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. बाई बाटलीकडं बघितल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

दाब वाढत होता तेव्हा पोराला काहीच दुखलं नाही. एकदाही नाही. दुखलं असतं तर आम्ही पळालो असतो. डोळा लाल नाही, पाणी नाही, वरून बघितलं तर एकदम स्वच्छ. आत मागच्या शिरेचं नुकसान चाललेलं आम्हाला कुठून कळणार.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दाब उतरवायचं. डाव्याला दोन थेंब चालू आहेत, सकाळी एक, रात्री एक. आता पोरगं पंधरा वर्षांचं आहे. समोरचं वाचतंय, अभ्यास करतंय, पण जी बाजूची नजर गेली ती परत आली नाही, येणारही नाही म्हणून स्पष्ट सांगितलेत. सायकल देत नाही मी त्याला रस्त्यावर.

तुमच्या पोराचं असंच होईल म्हणून मी म्हणत नाही. सगळ्यांचा दाब वाढत नाही म्हणतात. पण कुणाचा वाढणार ते घरात बसून कळत नाही. जाताना बाटली सोबत न्या आणि "दाब मोजा" असं तोंडानं सांगा. लाजू नका.

---

कडोलीकर | ११ मार्च

आमच्याकडे खाजेला मध घालतात किंवा गाईचं तूप. स्टेरॉइडपेक्षा ते बरं नाही का?

---

नेत्रसहाय्यक, चिकोडी | ११ मार्च, दुपारी

कडोलीकर दादा, मध, तूप, दूध, गुलाबपाणी यातलं काही डोळ्यात घालू नका. घरातल्या मधात आणि तुपात जंतू असू शकतात, आणि चोळून खरवडलेल्या बुबुळावर ते बसले तर जखम पिकते.

येळ्ळूरच्या ताई, मी २२ वर्षं सरकारी दवाखान्यात डोळे तपासायच्या कामात आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे औषध बदलून देणार नाही. तुमचे तिघे तीन वेगळ्या वाटांवर आहेत, म्हणून वेगवेगळं लिहिते.

मामंजींनी थेंब आपल्या मनानं बंद करायचे नाहीत. ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत सूज असते, बाहेरून लाली नसली तरी. ती दाबून ठेवायला स्टेरॉइड देतात आणि मग आठवड्याआठवड्यानं कमी करत आणतात, साधारण चार ते सहा आठवड्यांत. एकदम तोडलं की सूज उसळून येते, कधी पडद्याला पाणी धरतं आणि आलेली नजर पुन्हा धूसर होते. दोन दिवस चुकले आहेत ते आज फोन करून दवाखान्यात सांगा. चुकलेले थेंब भरून काढायला जास्त वेळा घालू नका. आणि ऑपरेशनच्या डोळ्यात दुखायला लागलं, नजर मंदावली, लाली वाढली किंवा उजेड सोसेना झाला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी गाठा, रात्र असली तरी.

सासूबाईंचं चार दिवसांचं वापरणं बहुधा निभावून जाईल, पण दाब त्यांचाही मोजून घ्या. मला काळजी वाटते ती त्या बाटलीची. खाजणाऱ्या डोळ्याला टोक लागलं असेल, तर तेच टोक आता ऑपरेशनच्या डोळ्यावर येणार. मामंजींना नवीन बाटली आणा, ही फेकून द्या.

याच जागी एक सांगायलाच हवं, कारण आपला सगळा भाग ऊस, भात, मसूर आणि भुशाचा. उसाचं पातं डोळ्याला लागलं, भाताचं कूस गेलं आणि डोळा लाल झाला, की बरेच जण घरातला जुना थेंब घालतात. पाल्यापाचोळ्याच्या जखमेत बुरशी शिरते. स्टेरॉइड घातलं की लाली कमी दिसते, माणसाला बरं वाटतं, आणि त्या आडोशाला बुरशी खोल जाते. नागिणीच्या जातीचा एक विषाणू बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी जखम करतो, त्यातही हेच होतं. शेवटी डोळ्यात फूल, म्हणजे पांढरा डाग, पडतं. २०२३च्या पावसाळ्यात घरोघरी डोळे आले होते, तेव्हाही कितीतरी जणांनी हे थेंब घातले. विषाणूचे आलेले डोळे बहुतेकदा आठवड्या-दोन आठवड्यांत आपले आपण उतरतात. स्टेरॉइडनं त्यातला विषाणू उलट जास्त दिवस टिकतो.

आता मुलगा. तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला खाज, तारेसारखी चिपाडं, उजेडाचा त्रास, ते मुलांमध्ये, विशेषतः मुलग्यांमध्ये, दिसणाऱ्या एका जुनाट ॲलर्जीसारखं वाटतं. ती वर्षानुवर्षं चालते आणि बहुतेकांची वयात येताना ओसरते. म्हणूनच तिच्यावर स्टेरॉइड हा रोजचा इलाज होऊ शकत नाही. फार भडकलं तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात, तेही दाबावर नजर ठेवून. एरवीसाठी ॲलर्जीचे वेगळे थेंब असतात, ऑलोपाटाडिनसारखे, आणि जास्त त्रास असेल तर सायक्लोस्पोरिन. त्यांनी दाब वाढत नाही. पण त्यांचा गुण हळू येतो, दोन दिवसांत जादू दिसत नाही, म्हणून आईबाप कंटाळून पुन्हा जुन्या बाटलीकडे वळतात. तुम्ही वळू नका.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की वडिलांना काचबिंदू आहे. मला तुमच्या पत्रात सगळ्यात आधी तेच दिसलं. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ असतो. स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे घातले तर तिघांतल्या जवळपास एकाचा दाब थोडाफार चढतो, आणि शंभरातल्या चार ते सहा जणांचा खूप चढतो. घरात काचबिंदू असेल, मधुमेह असेल, चष्म्याचा उणे नंबर मोठा असेल, किंवा रुग्ण मूल असेल, तर धोका जास्त. मोठ्यांमध्ये चढायला बहुधा तीन ते सहा आठवडे लागतात, मुलांमध्ये त्याआधीही चढतो. वेळेत थांबवलं तर बहुतेकांचा काही आठवड्यांत उतरतो. महिनोन्‌महिने चाललं तर उतरेलच असं नाही, शिवाय भिंगाच्या मागच्या बाजूला कोवळ्या वयातच मोतीबिंदू धरतो. मुलाला दमा असून तो पंप घेत असेल किंवा पापणीला कुठलं मलम लावत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यातही स्टेरॉइड असू शकतं. आणि ताई, तुम्ही काचबिंदूवाल्या वडिलांची मुलगी आहात. खुर्चीत तुम्हीही बसा.

डॉक्टर बघेपर्यंत डेक्सामिथासोन घालू नका. गार पाण्यात भिजवलेल्या रुमालाच्या पट्ट्या ठेवा, उन्हात टोपी घाला. डोळे चोळू देऊ नका. चोळून चोळून काही मुलांचं बुबुळ शंकूसारखं पुढे येतं, ते वेगळंच दुखणं होऊन बसतं.

---

निपाणीचा औषधवाला | ११ मार्च, रात्री

काउंटरच्या आतल्या बाजूनं थोडं लिहितो. आमच्याकडे तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळणाऱ्या बायकांचे डोळे बारा महिने चुरचुरतात. येतात आणि म्हणतात, "दादा, तो लालवाला द्या, दुसरा नको." चिठ्ठी मागितली तर रागावतात, पुढच्या दुकानात जातात. मी देत नाही. गिऱ्हाईक तुटतं, तुटू दे.

ताई, तुमच्या मुलाचं कौतुक वाटलं. पाचवीतल्या पोरानं नावं वाचून जोडलीत. त्याला एवढंच सांगा की शेवटच्या आवाजावर सगळी सापडत नाहीत. प्रेडनिसोलोन, डेक्सामिथासोन, बीटामिथासोन, फ्लुओरोमिथोलोन ही त्याच्या कानाला लागतील, पण लोटेप्रेडनॉल आणि डायफ्लुप्रेडनेट ही पण स्टेरॉइडच. आणि पुष्कळ बाटल्या जोडीच्या असतात. वर मोठ्या अक्षरांत एकच नाव, आत मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा निओमायसिनसारख्या अँटिबायोटिकबरोबर डेक्सामिथासोन. लोक म्हणतात, "हा तर जंतूंचा थेंब आहे." म्हणून घटक वाचायचे, बारीक अक्षरातले.

लाल रेष म्हणजे स्टेरॉइडच असं नाही. अँटिबायोटिक थेंबांवरही ती असते. तिचा अर्थ चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, एवढा. टोपणाच्या रंगावर तर अजिबात जाऊ नका, कंपनी बदलली की रंग बदलतो. एका आजींनी "निळ्या टोपणाची" म्हणून दोन महिने वेगळंच औषध घातलं होतं.

मामंजींची पांढरी बाटली हलवल्याशिवाय घालायची नाही. औषध तळाला बसतं, न हलवता घातलं तर सुरुवातीला नुसतं पाणी जातं आणि शेवटी शेवटी घट्ट औषध. हात धुऊन, मान मागे, खालची पापणी ओढून एकच थेंब. डोळ्यात एका थेंबाहून जास्त मावत नाही, दुसरा गालावरून वाहून जातो. टोक कशाला लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटानं हलकेच दाबून मिनिट-दोन मिनिटं बसायचं, नाहीतर औषध नाकातून घशात उतरतं, कडू लागतं ते त्यामुळेच. ऑपरेशनच्या डोळ्यावर मात्र जोर नको, अगदी नाकाच्या हाडावरच बोट ठेवायचं. दुसऱ्या बाटलीतला थेंब पाच मिनिटांनी. मलम असेल तर सगळ्यात शेवटी.

बाटली फोडली त्या दिवशी तिच्यावर पेनानं तारीख घाला. चार आठवडे झाले की उरलं असलं तरी टाका. छापलेली शेवटची तारीख ही न फोडलेल्या बाटलीची असते, हे गिऱ्हाइकाला सांगून सांगून माझा घसा बसलाय.

---

येळ्ळूरची सून | १४ मार्च

सगळ्यांना नमस्कार. वडगावच्या दादा, तुम्ही पहाटे लिहिलं नसतं तर मी बहुतेक परीक्षा होईपर्यंत थांबले असते. ११ तारखेलाच सकाळच्या बसनं मुलाला घेऊन गेले, सासूबाईंनाही नेलं.

मुलाचा दाब उजव्यात २७, डाव्यात २५ आला. मी बाटली पुढे केली, सहा बाटल्यांचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं. डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करून मागची शीर बघितली. ती शाबूत आहे म्हणाले. भिंगही स्वच्छ आहे. ते ऐकल्यावर मला तिथेच बाकावर बसावं लागलं. स्टेरॉइड बंद, ॲलर्जीचा दुसरा थेंब दिवसातून दोनदा, आणि दाब उतरवायचा एक थेंब सध्यापुरता. तीन आठवड्यांनी परत.

सासूबाईंचा १६ आणि १५. माझाही मोजला, १८. वर्षातून एकदा दाखवत जा म्हणाले.

मामंजींसाठी फोनवर विचारलं, त्यांनी कागदाप्रमाणे पुढे चालू ठेवायला आणि नवीन बाटली आणायला सांगितलं. मुलानं काल दुपारी तो कन्नड कागद समोर घेऊन मराठीत तक्ता केला. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे रकाने, आणि आजोबांनी थेंब घातला की पेन्सिलीनं खूण. मामंजी आता एक खूण चुकू देत नाहीत, नातू शाळेतून आल्यावर तपासतो म्हणून.

---

वडगावचा मागवाला | १४ मार्च

शीर शाबूत आहे हे वाचून बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलो. तिनं देवाजवळ साखर ठेवली.

---

येळ्ळूरची सून | ५ एप्रिल

आज परत जाऊन आलो. १८ आणि १७. दाबाचा थेंब बंद केला, ॲलर्जीचा चालू. खाज पूर्ण गेलेली नाही, दुपारी उन्हातून आला की चोळायला हात जातो, मग स्वतःच रुमाल भिजवून घेतो. डॉक्टर म्हणाले, एवढी राहील, महिन्यानं पुन्हा दाब मोजू. मामंजींचे थेंब परवा संपले, चष्म्याचा नंबरही काढून दिला.

सुट्टीत मुलगा चंदगडला आजोळी जाणार आहे. पिशवीत टोपी, दोन रुमाल आणि नवीन थेंबांची बाटली भरली. बाटलीवर तारीख त्यानंच घातली आहे, ५ एप्रिल, आणि खाली स्वतःचं नाव, म्हणजे तिकडच्या आजोबांच्या बाटलीशी अदलाबदल व्हायला नको.